वजू: नखाएवढे कोरडे नको, ओंजळभर वाया नको

वजू म्हणजे नमाजीआधी ठरलेले अवयव धुण्याची रीत. तिच्याबद्दलच्या दोन हदीसा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी, शेजारी ठेवून वाचल्या की विषयाचे मर्म हाती येते. हजरत अनस यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस सांगते की पैगंबर (स.) एका मुद पाण्यात वजू करत. मुद हे ओंजळीवरून ठरलेले जुने माप. बहुतेक जाणकारांच्या हिशोबाने ते पाऊण लिटरच्या आत-बाहेर भरते; सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मशास्त्रीय परंपरांपैकी (हनफी, शाफई, मालिकी, हंबली), हनफी हिशोबाने साधारण लिटरभर. दुसरी हदीस हजरत उमर यांच्याकडून मुस्लिममध्ये आली आहे. एका माणसाच्या पायावर नखाएवढी जागा कोरडी राहिली होती. पैगंबरांनी त्याला परत पाठवले आणि नीट वजू करून ये म्हणून सांगितले. पाणी तांब्याभरच, आणि सुटायला मात्र नखाएवढेही नको. या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर नुसते पाणी ओतून भागत नाही. ते हाताने चोळून प्रत्येक जागी पोहोचवावे लागते.

नळाने ही सवय मोडली. मिनिटाला ६ लिटर पाणी सोडणारा नळ दोन मिनिटे पूर्ण उघडा ठेवला की १२ लिटर गेले, आणि एवढ्या पाण्यातही टाच कोरडी राहू शकते, कारण हात फिरलेलाच नसतो. जुम्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजीला, ३०० माणसे असा वजू करत असतील तर ३,६०० लिटर पाणी गटारात जाते. उन्हाळ्यात गंगापूर धरणातला साठा खाली जाऊन पाणीकपातीची चर्चा सुरू होते, तेव्हा या आकड्याचा अर्थ नाशिककरांना वेगळा समजवावा लागत नाही. तांब्याने किंवा तोटीच्या लोट्याने वजू केला तर तीन-तीन वेळा धुऊनही किती पाणी लागते ते मोजून पाहण्यासारखे आहे. अंदाजे हिशोब असा: मनगटापर्यंत हात ६० मिलिलिटर, चुळा ७५, नाक ४५, चेहरा १५०, दोन्ही हात कोपरापर्यंत २४०, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणे) १०, दोन्ही पाय २४०. बेरीज ८२० मिलिलिटर. म्हणजे हदीसेतले माप हनफी हिशोबाने काटेकोर माणसाला आजही सहज जमते. नळच वापरायचा असेल तर तो पेन्सिलीच्या जाडीएवढ्या धारेवर ठेवावा, आणि डोक्याचा मसह, मिस्वाक (दातण), बाह्या सावरणे चालू असताना बंद करावा. सर्वात जास्त पाणी या मधल्या वेळांतच जाते.

कुरआनात वजूचा हुकूम सूरह माइदाच्या ६ व्या आयतीत आहे: चेहरा धुवा, हात कोपरांपर्यंत धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा आणि पाय घोट्यांपर्यंत. हनफी मजहबात हेच चार फर्ज (सक्तीचे); बाकीच्या गोष्टी सुन्नत (पैगंबरांची रीत) किंवा मुस्तहब (पसंतीच्या). शाफई मजहबात याला नियत (मनातला इरादा) आणि क्रम जोडून सहा फर्ज होतात. नाशकात हा फरक पुस्तकी राहत नाही. शहरातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत, पण कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, आणि दोघे एकाच वजूखान्यात शेजारी बसतात. शेजारच्याने डोक्यावरून तीनदा हात फिरवला किंवा एकाच ओंजळीतून चूळ आणि नाक दोन्ही केले, तर त्याला टोकू नये. त्याच्या मजहबात ते तसेच आहे. शिया पद्धत आणखी वेगळी: हात कोपराकडून बोटांकडे धुतात, आणि डोके व पाय या दोन्हींवर हाताला उरलेल्या ओलाव्यानेच मसह करतात, पाय धूत नाहीत.

आता प्रत्यक्ष कृती, हनफी पद्धतीने.

मनात नियत करावी, बिस्मिल्लाह म्हणावे. दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुवावेत. बादलीतून पाणी घ्यायचे असेल तर हा टप्पा बादलीत हात घालण्याआधीचा आहे, विशेषतः झोपेतून उठल्यावर. हदीसेत याची वेगळी ताकीद आहे. मिस्वाक पिलूची, नसेल तर कडुनिंबाची, वीतभर लांब आणि करंगळीइतकी जाड असावी. तीही नसेल तर बोटाने दात घासावेत. उजव्या हाताने तीन चुळा भराव्यात, पाणी तोंडभर फिरवून. मग उजव्या हाताने नाकात पाणी घेऊन डाव्या हाताने नाक साफ करावे, तीनदा. पाणी नाकाच्या मऊ भागापर्यंत जायला हवे. नाकपुडीला ओले बोट लावून हे होत नाही. रोजा असेल तर मात्र घशात खोल खळखळ करू नये आणि पाणी जोरात ओढू नये. वजूचे पाणी चुकून घशाखाली गेले तर हनफी मतानुसार रोजा तुटतो आणि नंतर कजा (भरपाईचा रोजा) ठेवावा लागतो.

चेहऱ्याची हद्द कपाळावरच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानाच्या पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत. इथे दोन जागा हमखास सुटतात. एक, कल्ले आणि कान यांच्यामधली बिनकेसांची पट्टी. दुसरी, डोळ्यांचे कोपरे, जिथे फजरच्या (पहाटेच्या नमाजीच्या) वेळी वाळलेले चिपाड असते आणि पाणी अडवते. चेहऱ्यावर पाण्याचा सपकारा मारला की गाल आणि कपाळ भिजते, कडा कोरड्या राहतात. पाणी कपाळावर सोडावे आणि दोन्ही तळवे बाहेरच्या बाजूला कानापर्यंत न्यावेत. दाट दाढीत खालून ओली बोटे घालून खिलाल करावा. दाढी विरळ असेल तर खालची कातडी भिजणे जरुरीचे आहे.

हात धुण्यात कोपरही मोडते. नळाखाली हात धरताना बोटे खाली आणि कोपर वर राहते, पाणी मनगटाकडून उतरते आणि कोपराचे टोक कोरडे राहते. हात वाकवून, कोपर तळव्यात घेऊन चोळावे. थंडीत घट्ट स्वेटरची बाही पुरती वर जात नाही तेव्हा हीच चूक होते. बाही कोपराच्या चार बोटे वर गेली पाहिजे, नाहीतर स्वेटर काढावा. घट्ट अंगठी आणि बांगड्या हलवून खाली पाणी न्यावे. बोटांत बोटे गुंतवून खिलाल करावा.

डोक्याचा मसह नव्याने ओल्या केलेल्या हातांनी एकदाच करायचा. हनफीत पाव डोके फर्ज, सगळे डोके सुन्नत. मालिकी आणि हंबलीत सगळेच फर्ज. शाफईत थोडेसे केसही पुरतात. हात कपाळाकडून मानेकडे न्यावेत आणि परत आणावेत. त्याच ओलाव्याने तर्जनी कानाच्या आत आणि अंगठा कानामागे फिरवावा. हनफी लोक बोटांच्या पाठीने मानेवरूनही हात फिरवतात. शाफईंकडे ते नाही. टोपीवरून किंवा ओढणीवरून फिरवलेला हात मसह होत नाही. बायकांनी ओढणीखालून हात नेला तरी चालते, केस सगळे उघडावे लागत नाहीत.

शेवटी पाय. उजवा, मग डावा, घोट्यांसह, तीनदा. डाव्या हाताच्या करंगळीने बोटांमधला खिलाल करायचा. सुरुवात उजव्या पायाच्या करंगळीपासून, शेवट डाव्या पायाच्या करंगळीवर. पाय हा वजूचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. जमात (सामूहिक नमाज) उभी राहिलेली असते, माणूस घाईत असतो, आणि पाय नळाखालून नुसता ओढून घेतला जातो. एका प्रवासात सहाबांनी (पैगंबरांच्या साथीदारांनी) अशीच घाई केली तेव्हा पैगंबरांनी मोठ्याने बजावले की अशा टाचांसाठी आगीची शिक्षा आहे. हीही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. टाचेचा मागचा भाग, घोट्याखालचा खड्डा आणि करंगळीच्या खालची बाजू, या तीन जागी हात गेलाच पाहिजे. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या टाचांना मलम भरले असेल आणि ते काढून इजा होत असेल तर वरून पाणी सोडणे पुरते.

जागा कोरडी राहिल्याचे नंतर लक्षात आले तर? हनफीत तेवढीच जागा धुवावी, सगळा वजू पुन्हा करायची गरज नाही. शाफईत क्रम फर्ज असल्याने ती जागा आणि तिच्या पुढचे अवयव पुन्हा धुवावे लागतात. दोन्हींकडे ओले बोट पुसून भागत नाही. धुणे म्हणजे पाणी वाहून निदान थेंब-दोन थेंब गळले पाहिजेत. नमाज पढून झाल्यावर कळले असेल तर नमाजही पुन्हा. आणि तीनपेक्षा जास्त वेळा धुणे ही धार्मिकता मानू नये. हदीसेत त्याला हद्द ओलांडणे म्हटले आहे. ज्यांना सतत वाटते की अजून भिजले नाही, त्यांनी मोजून तीन करावेत आणि उठावे.

पाणी अडवणारे थर हा वेगळा आणि महत्त्वाचा मुद्दा. नुसता रंग चालतो, थर चालत नाही. मेंदीचा रंग, मतदानाच्या शाईचा कातडीत मुरलेला डाग, हळद, अंगाला चोळलेले खोबरेल, हे सगळे चालते. नेलपॉलिश, ऑइलपेंट, फेव्हिकॉल, मेण, वाळलेली कणीक, वाळलेले सिमेंट काढल्याशिवाय वजू होत नाही. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण मारणाऱ्यांच्या हातावर चुना आणि मोरचुदाचा निळसर पापुद्रा वाळतो. तो साबणाने घासून काढायचा. तसे ते औषध अंगावर राहू न देणे तब्येतीसाठीही बरे. नखाखालची साधी माती आणि मळ माफ आहे. प्लास्टर किंवा पट्टी असेल तर उघडी जागा धुवावी आणि पट्टीवरून ओला हात फिरवावा. पट्टी सोडून जखम वाढवणे शरियत मागत नाही.

पाणी कोणते, यावर फिकहमध्ये (इस्लामी धर्मशास्त्रात) जितका बारकाईने विचार झाला आहे तितका फार थोड्या बाबतींत झाला असेल. वाहते पाणी पाक, जोवर घाणीने त्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही. पावसाळ्यात गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीला लागतो तेव्हाचे तांबूस पाणी निव्वळ मातीने गढूळ झालेले असेल तर वजूला चालते. गढूळपणा आणि नापाकी या दोन वेगळ्या गोष्टी. पाणवेली साचून हिरवट दिसणारे पाणीही त्या कारणाने नापाक ठरत नाही. पण ज्या टप्प्यात सांडपाणी मिसळून पाण्याला त्याचा वास येतो, तिथले पाणी चालत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला तर हरकत नाही.

साचलेल्या पाण्याचा नियम मशिदींच्या बांधणीत दिसतो. हनफी मतात १० हात लांब आणि १० हात रुंद हौद मोठ्या पाण्यात मोडतो. हात दीड फुटाचा धरला तर २२५ चौरस फूट, आणि खोली इतकी की ओंजळ भरताना तळ उघडा पडू नये. एवढ्या हौदात घाण पडली तरी पाण्याचा गुण बदलेपर्यंत ते पाक राहते. जुन्या मशिदींचे हौद ऐसपैस असत त्यामागे हे माप आहे. गच्चीवरची १,००० लिटरची टाकी या मापात बसत नाही. तिच्यात कबुतर पडून मेले तर हनफी मतानुसार सगळे पाणी नापाक. शाफईंकडे हद्द दोन कुल्ला, म्हणजे सुमारे २०० लिटर. त्याच टाकीचे पाणी रंग-वास-चव बदललेली नसेल तर त्यांच्या मते पाक. उपाय असा: मेलेले पाखरू काढावे, पाणी सोडून द्यावे, टाकी धुवावी. पाण्याची टंचाई असेल तर वरून पाणी चालू ठेवून खालून वाहू द्यावे म्हणजे ते वाहत्या पाण्यात मोडते. पण अशा वेळी स्थानिक मौलानांना विचारूनच करावे. डास, माशी, मुंगी यांनी पाणी बिघडत नाही. टाकीचे झाकण घट्ट असणे ही मशिदीच्या ट्रस्टींची जबाबदारी आहे, आणि तिच्यावर शेकडो लोकांच्या नमाजी अवलंबून असतात.

वजू कशाने तुटतो याची यादी बहुतेकांना पाठ असते: लघवी, शौच, वारा सरणे, टेकून किंवा आडवे होऊन लागलेली झोप, बेशुद्धी. मतभेद पुढे सुरू होतात. वाहते रक्त हनफीत वजू तोडते, शाफईत नाही. म्हणून लॅबमध्ये रक्त दिल्यावर हनफी माणसाने पुन्हा वजू करावा, आणि मधुमेहींनी घरी साखर तपासताना बोटावर वाहण्याइतका थेंब आला असेल तर तेव्हाही. ज्यांच्यात लग्न निषिद्ध नाही अशा स्त्री-पुरुषांच्या, पती-पत्नीच्यासुद्धा, कातडीला कातडी लागली तर शाफईंचा वजू जातो, हनफींचा नाही. नखे किंवा केस कापणे, कपडे बदलणे, बाळाला दूध पाजणे, यांनी कोणाचाच वजू तुटत नाही. कच्च्या कांद्याने तुटत नाही, पण कांदा-लसणाचा वास घेऊन मशिदीत येऊ नये अशी हदीस आहे. लासलगावच्या जिल्ह्यात हे लक्षात ठेवणे आले. आणि शंकेने वजू कधीच तुटत नाही. वजू केल्याची खात्री आहे आणि तुटल्याची नुसती शंका आहे, तर वजू आहे. हदीसेचे शब्द स्पष्ट आहेत: आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नये.

वयस्कर लोकांना एक सवलत नीट सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्याने कित्येकजण मशीद सोडतात. लघवीचे थेंब थांबत नसतील आणि एका नमाजीचा पूर्ण वक्त असा गेला की वजू करून फर्ज पढण्याइतकी उसंत मिळाली नाही, तर तो माणूस माजूर ठरतो. त्यापुढे हनफी मतात त्याने प्रत्येक नमाजीच्या वक्ताला एक वजू करावा. वक्त संपेपर्यंत त्या कारणाने वजू तुटत नाही. फर्ज, सुन्नत, नफल (ऐच्छिक नमाज), कुरआन वाचन सगळे त्याच वजूने. पुढच्या वक्तांत त्रास एकदा जरी झाला तरी सवलत चालू राहते. एक पूर्ण वक्त त्रासाविना गेला की संपते. बायकांच्या इस्तिहाजालाही (पाळीबाहेरच्या रक्तस्रावालाही) हाच नियम. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वजूखान्यात दोन-तीन बैठका १८ इंच उंच, पाठीला टेकण असलेल्या आणि बाजूला धरायला दांडा असलेल्या कराव्यात. खर्च किरकोळ आहे.

नाशिकची थंडी बोचरी असते. जानेवारीच्या फजरला गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला लावू देत नाही. अशा वेळी त्रास सोसून पुरा वजू करण्याने दर्जे उंचावतात अशी हदीस आहे. पण तिचा अर्थ पाणी तापवू नये असा नाही. गरम पाणी मिळत असताना मुद्दाम गार पाणी घेण्याची कोणी अपेक्षा केलेली नाही. दुसरी सोय चामड्याच्या मोज्यांची. पूर्ण वजू करून ते घातले की पुढे पाय धुण्याऐवजी ओल्या बोटांनी बोटांकडून नडगीकडे, वरच्या बाजूने मसह करायचा, तळव्यावर नाही. हनफीत प्रत्येक पायावर निदान तीन बोटांइतकी जागा. मुदत मुक्कामी माणसाला २४ तास, मुसाफिराला ७२ तास, आणि ती मोजे घातल्यापासून नाही, तर त्यानंतर पहिल्यांदा वजू तुटल्यापासून मोजतात. फजरला ६ वाजता घातले, १० वाजता वजू तुटला, तर दुसऱ्या दिवशी १० पर्यंत. पायाच्या तीन लहान बोटांइतके फाटले असतील तर हनफीत मसह होत नाही. बाजारातल्या पातळ सुती किंवा नायलॉनच्या मोज्यांवर हनफी-शाफई मतात मसह चालत नाही. ही चूक ऑफिसांत फार होते.

हे सगळे तपशील कशासाठी, असा प्रश्न मुसलमान नसलेला वाचक विचारू शकतो. वजू ही निव्वळ स्वच्छता असती तर नुकतीच आंघोळ केलेल्याचा वजू वारा सरल्याने जायला नको होता, आणि पाणी नसताना मातीवर हात मारून करायचा तयम्मुम सांगितला नसता. हे बंदगीसाठी तयार होणे आहे. मुस्लिममधली हदीस सांगते की वजू करताना चेहऱ्याच्या पाण्याबरोबर डोळ्यांनी केलेले गुन्हे, हातांच्या पाण्याबरोबर हातांचे आणि पायांच्या पाण्याबरोबर ज्या वाटेने पाय चालले त्या वाटेचे गुन्हे झडतात. हे मनात ठेवून वजू करणारा गप्पा मारत करत नाही, फोन कानाला लावून तर नाहीच. कयामतच्या दिवशी ही उम्मत (पैगंबरांचा अनुयायी समाज) वजूच्या अवयवांवरच्या तेजाने ओळखू येईल, असेही पैगंबरांनी सांगितले आहे. हजरत बिलाल यांच्या पावलांचा आवाज जन्नतमध्ये ऐकू आला तो कोणत्या अमलामुळे, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की प्रत्येक वजूनंतर जमेल तेवढी नमाज पढतो. वजूनंतर शहादतचा कलमा म्हणून दोन रकात पढणे हे त्यामुळे सोडू नये. मकरूह (नमाजीला अयोग्य मानलेली) वेळ तेवढी टाळावी.

ईदला शहाजहानी ईदगाहवर जाताना वजू घरूनच करून निघावे. मैदानावर हजारो लोकांना नळ पुरत नाहीत. जनाजाच्या नमाजीलाही वजू लागतो, पण वजू करत बसले तर ती नमाज निघून जाईल अशी भीती असेल तर हनफीत पाणी असूनही तयम्मुम चालतो. जुम्याला किंवा पाच वक्तांच्या जमातीला ही सवलत नाही.

प्रवासात एक लिटरची बाटली जवळ ठेवावी. अर्ध्या लिटरमध्येही एकेकदा धुऊन फर्ज पुरे होतात. नाशिक रोडहून सुटलेल्या गाडीत डब्याच्या बेसिनला पाणी असेल तर तयम्मुम होत नाही, गर्दी आहे म्हणूनही नाही. बेसिनमध्ये पाय वर घेऊ नयेत. दुसऱ्यांना किळस येते आणि पाणी सांडते. पाय बाटलीने शौचालयाच्या बाहेरच्या जागेत, कोणावर न उडवता धुवावेत, किंवा चामडी मोजे घालूनच निघावे. पाणी खरोखर नसेल, मैलभराच्या आत मिळण्यासारखे नसेल, किंवा आजारात पाण्याने अपाय होणार असेल तर तयम्मुम. नियत करून तळवे पाक मातीवर किंवा दगडावर मारावेत, झटकून पूर्ण चेहऱ्यावर फिरवावेत, पुन्हा मारून दोन्ही हातांवर कोपरांसह. मालिकी आणि हंबली मतात एकाच वेळचे मारणे आणि मनगटापर्यंत हात. शाफईत हाताला धूळ लागलीच पाहिजे. हनफीत धूळ नसलेला दगड किंवा विटेची भिंत चालते. डब्याची रंगवलेली पत्र्याची भिंत मात्र चालत नाही, तिच्यावर धूळ बसली असेल तरच चालते. आणि वाटेत पाणी हाती आले की तयम्मुम तिथेच संपतो. पुढची नमाज वजूनेच.